मदत हवी आहे: डबल एज ब्लेड कोणतं घ्यावं? (वाघोली, टँकरचं पाणी, मानेला आग)

नमस्कार मंडळी,

विषय किरकोळ आहे, पण दर दाढीला डोकं फिरवतो म्हणून धागा काढतोय. दाढीवर एक जुना धागा सापडला, पण तो दुसऱ्याच पानावर "पुरुषांनी दाढी ठेवावी की नाही" या वादात वाहून गेलाय. म्हणून नवीन.

राहायला वाघोलीत. दाढी दिवसाआड. हनुवटीवर केस राठ, गालावर विरळ, आणि कंठाखाली भोवरा असल्यासारखे आडवेतिडवे. आधी बरीच पाती असलेलं कार्ट्रिज वापरायचो. हात फिरवला की गुळगुळीत लागायचं, पण दुसऱ्या दिवशी मानेवर लाल पुरळ आणि आत वळलेले केस. त्वचेच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: पुढचं पातं केस ओढून वर काढतं, मागचं तो कापतं, मग उरलेला खुंट कातडीखाली जातो आणि वाढताना तिथेच वळतो. एकाच पात्याने करा आणि मानेवर उलटा हात मारू नका, म्हणाले. तसा तीन भागांत सुटणारा साधा रेझर घेतला. पुरळ बरंच कमी झालं. आता घोळ उरलाय तो ब्लेडचा.

सध्या जे ब्लेड आहे (नाव लिहीत नाही, नाहीतर इथे कंपनीचे वकील जमतील) ते पहिल्या दाढीला ठीक चालतं. दुसऱ्या वेळेपासून हनुवटीवर खेचतं. केस कापला न जाता उपटला जातोय असं वाटतं, मग मी दाबतो, मग मानेला आग.

आता खरी गंमत. माझे मामा नारायण पेठेत राहतात. तेच ब्लेड, त्याच पाकिटातलं, ते आठवडाभर आरामात चालवतात. वर मलाच ऐकवतात की तुमच्या पिढीला धीर नाही. दाढी झाली की ते ब्लेड काचेच्या ग्लासात आतून टेकवून, बोटाने दाबून, चार वेळा इकडून तिकडे फिरवतात. आजोबा तसंच करायचे म्हणे.

माझं म्हणणं एवढंच की टिकाऊपणाला मी तिसरा नंबर देतो. देशी ब्लेड कटिंग चहापेक्षा स्वस्त पडतं, लवकर फेकावं लागलं तरी दुःख नाही. धार आणि आराम यांची सांगड हवी. फेदर सगळ्यात धारदार असं सगळीकडे वाचलं, पण माझ्या मानेला झेपेल का? अ‍ॅस्ट्राचं हिरवं पाकीट, सेव्हन ओ'क्लॉक, विल्किन्सन, डर्बी, पर्सोना... नेटवर एकाचं अमृत ते दुसऱ्याचं विष. आणि पुण्यात थोडी थोडी वेगवेगळी ब्लेडं कुठे मिळतील?

पेठेतला_एक
फेदर घ्या. धागा बंद करा.

धातुवेडा
एवढं सोपं नाही हो. जास्त धारेचं ब्लेड कमी जोरात कापतं, म्हणून खेचत नाही, हे खरं. पण कार्ट्रिजने हाताला दाबायची सवय लावलेली असते आणि फेदर ती सवय खपवून घेत नाही. रेझर मवाळ असेल, म्हणजे पातं कडेतून फार बाहेर येत नसेल, तर त्यात धारदार ब्लेड छान बसतं. रेझरच आक्रमक असेल तर मधल्या धारेचं बरं.

थोडं पोलादाबद्दल, कारण विषय निघालाच आहे. ब्लेडची जाडी साधारण ०.१ मिमी, पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम. धारेवर क्रोमियम किंवा प्लॅटिनमचा पातळ थर, आणि त्यावर टेफ्लॉन, नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. पाकिटावर प्लॅटिनम लिहिलेलं असतं ते या थरापुरतं. केसावरून पातं सरकतं ते टेफ्लॉनमुळे, म्हणून "आराम" हा निव्वळ धारेचा मामला नाही.

धार जाते कशी, यावर अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांचा लेख २०२० साली 'सायन्स'मध्ये आला होता. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी तो धारेला हरवतो. धार हळूहळू झिजून बोथट होते असा आपला समज असतो. त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते असं, की केस वाकून तिरका आला की धारेचे बारीक टवके उडतात. माझा तर्क असा, की कोरडे, ताठ खुंट आणि दाबलेला हात असेल तर हे लवकर होणार.

मामांच्या ग्लासाबद्दल: ती पद्धत साध्या कार्बन पोलादाच्या ब्लेडांच्या काळातली. १९६०च्या दशकात थर दिलेली स्टेनलेस ब्लेडं आली. आता काचेवर घासून धार लागण्यापेक्षा तो थरच खरवडला जाण्याची शक्यता जास्त. टॉवेलने पुसणंही नको. रेझर सैल करून पाण्याखाली धरा, झटका, ठेवून द्या. मामांना मात्र काही सांगू नका, ते सुखी आहेत.

नगररोडचा_त्रस्त
सगळे ब्लेडवर तुटून पडलेत, शीर्षकातलं टँकरचं पाणी कुणी वाचलंच नाही! मामांच्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं, ते मऊ. आपल्याकडे टँकर म्हणजे बहुतेकदा बोअरचं, जड. त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरतो, फेस उभाच राहत नाही, पांढरा चोथा होतो. नळाच्या तोटीवर पांढरं किटण बघा, तेच तुमच्या ब्रशमध्ये बसतंय. फेस पातळ म्हणजे पातं कोरड्या कातडीवर चाललंय.

नवीन ब्लेडवर पैसे घालण्याआधी एक करा. तेच ब्लेड, तोच साबण, फक्त पाणी बदला. प्यायच्या आरओचं भांडंभर पाणी कोमट करून घ्या, तोंड दोन-तीन मिनिटं नीट भिजवा, फेस त्याच पाण्यात करा. मग इथे येऊन सांगा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाचा ते कळणार नाही.

धागाकर्ता
त्रस्त साहेब, दंडवत! आरओच्या पाण्यात फेस असा काही उभा राहिला की ब्रश उलटा धरला तरी पडेना. एरवी कानापाशी पोहोचेपर्यंत गालावरचा वाळून जायचा. तेच जुनं ब्लेड, हनुवटीवर खेचणं जवळजवळ बंद. मानेवर डाव्या बाजूला, जिथे केस आडवे आहेत, तिथे मात्र अजून चुरचुरतं. तेवढ्यासाठी ब्लेड सुचवा.

धातुवेडा
मग थेट टोकाला जाऊ नका. अ‍ॅस्ट्राचं हिरवं किंवा सेव्हन ओ'क्लॉक सुपर प्लॅटिनम, दोन्ही मधल्या धारेची आणि बऱ्याच जणांना मानवणारी. एक पाकीट संपेपर्यंत दुसरं उघडू नका. मानेवर बोटं फिरवून केस कुठल्या दिशेला झोपतात ते आधी बघा आणि त्याच दिशेने हलका हात न्या. रेझर त्याच्या वजनाने चालू दे. त्यानंतरही वाटलं तर फेदर आहेच.

पेठेतला_एक
बरं, आता नीट सांगतो. रविवार पेठेत सलूनचं सामान विकणारी दुकानं आहेत, तिथे सकाळी जा, दुपारी एक ते चार कोण काय करतं ते तुम्हाला माहीत आहे. परदेशी नावाचं ब्लेड फारच स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका, नकली असतं. छपाई पुसट, नावाच्या स्पेलिंगमध्ये गडबड, हे बघून घ्या.

सदस्या_कोथरूड
दाढीतलं काही कळत नाही, पण आमच्याकडे दाढी करणारे दोघे आहेत म्हणून विचारते: वापरलेली ब्लेडं टाकता कुठे? कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकली की ती 'स्वच्छ'च्या (कचरावेचकांची सहकारी संस्था) ताईंच्या हातात घुसतात, त्या हातांनी वेगळं करतात सगळं. आम्ही पत्र्याच्या जुन्या डब्याच्या झाकणाला सुरीने फट पाडली आहे, ब्लेड तिथून आत. भरला की चिकटपट्टीने बंद करून वर मोठ्या अक्षरांत "ब्लेड" लिहायचं आणि ताईंना सांगून वेगळा हातात द्यायचा. वर्षं लागतात हो भरायला.

धागाकर्ता
हे डोक्यातच आलं नव्हतं. मामांकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, मागून बघतो. रविवार पेठेत शनिवारी सकाळी चक्कर, पाकीट मिळालं की कळवतो.