मुळशी धरणाआधीच्या गावांचे नकाशे कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलेली मूळ गावठाणं नकाशावर मांडायचं काम हाती घेतलंय. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तो इतिहास बऱ्यापैकी लिहिलेला आहे. पण गावं नेमकी कुठे होती, मुळा-निळा संगमाजवळची भातखाचरं कुणाकडे होती आणि माणसं उठून कुठल्या डोंगरउतारावर गेली, हे एकत्र कुठेच सापडत नाही.

पुणे जिल्ह्याचं १८८५चं गॅझेटियर वाचलं. पेट्याचं, म्हणजे तालुक्याच्या पोटविभागाचं, वर्णन आहे, पण गावांच्या हद्दी नाहीत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या आजच्या नकाशात तिथे फक्त जलाशय दिसतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांची जोती आणि खाचरांचे दगडी बांध उघडे पडतात. त्यांचे जीपीएस बिंदू घेतलेत, पण कुठलं जोतं कुठल्या गावचं हे ठरत नाही. वयस्कर मंडळी वाड्यांची नावं सांगतात, जागेवर मात्र एकमत होत नाही.

सातबारा इथे उपयोगी नाही, मला धरणापूर्वीचेच कागद हवेत. पुण्यात राहतो, प्रत्यक्ष जाऊन बघू शकतो, मोडी वाचता येते.

धरणापूर्वीचे गावनकाशे आणि भूसंपादनाच्या याद्या आधी भूमी अभिलेख कार्यालयात मागाव्यात की पुणे पुराभिलेखागारात, आणि अर्जात दप्तराचं नाव काय लिहावं?