ग्रॅन टुरिस्मो ७ (रेसिंग गेम): एक्सजेआर-९ ची लिव्हरी (गाडीवरचे रंग-स्टिकर) हुबेहूब कशी करायची?

पिटलेन_वेडा
जॅग्वार एक्सजेआर-९ घेतल्यापासून रेस कमी आणि फोटो मोडच जास्त चाललाय, इतकी देखणी गाडी आहे. पण जुन्या फोटोंमध्ये अंगावर मोठ्ठं सिल्क कट लिहिलेलं दिसतं, गेममध्ये ते गायब आणि रंग मात्र तेच, असं का? आणि मागची चाकं झाकलेली आहेत ती नुसती दिसायला का? मला १९८८ ची ल माँची २४ तासांची रेस जिंकलेली २ नंबरची गाडी बनवायचीय.

ग्रुपसी_फॅन
सिल्क कट हा सिगारेटचा ब्रँड रे. तंबाखूच्या जाहिरातीवर आता बऱ्याच देशांत बंदी आहे, युरोपियन युनियनमध्ये तर २००५ च्या जुलैअखेरपासून रेसिंगची स्पॉन्सरशिपही बंद झाली, मग गेममध्ये ते नाव कोण ठेवणार. खऱ्या टीम्सही हेच करायच्या, मॅक्लारेनच्या एफ१ गाडीवर बंदी असलेल्या देशात वेस्ट या सिगारेट ब्रँडच्या जागी ड्रायव्हरचं नाव यायचं, मिका नाहीतर डेव्हिड.

चाकांचं म्हणशील तर ते पूर्णपणे कामाचं आहे. तेव्हा ल माँच्या मुल्सान स्ट्रेट या लांब सरळ पट्ट्यावर शिकेन (वेग कमी करायला लावणारी वळणं) नव्हत्या, त्या १९९० ला आल्या, म्हणजे जवळपास ६ किलोमीटर सरळ पाय दाबून जायचं, तिथे उघड्या चाकाभोवती हवा घुसळली की ड्रॅग म्हणजे हवेचा अडथळा वाढतो. म्हणून गाडीचा डिझायनर टोनी साउथगेटने मागची चाकं झाकली, हवा बाजूने सरळ मागे जाते. टायर बदलताना ते कव्हर काढावं लागायचं, तरीही परवडलं. ७ लिटरचं व्ही१२ इंजिन होतं, आणि १९८१ पासून सलग जिंकणाऱ्या पोर्शला या गाडीने थांबवलं, जॅग्वारचा त्याआधीचा विजय १९५७ चा!

डिकल_काका
नावाच्या मागे आधी लागू नकोस. जांभळ्याची शेड आणि त्याच्या कडेची पिवळी रेघ, या दोन गोष्टी बरोबर आल्या की लांबून कुणीही गाडी ओळखतो. शेड ठरवताना उन्हातला आणि ढगाळ असे दोन्ही फोटो समोर ठेव, एकाच फोटोवरून घेतलीस तर रात्रीच्या ट्रॅकवर ती काळीच दिसेल.

रेघ एका लांब डिकलमध्ये (स्टिकरमध्ये) ओढू नको. गेम डिकल एका दिशेने बॉडीवर टाकतो त्यामुळे नाकाच्या गोलाईवर ती ताणली जाते, छोटे तुकडे करून जोड. स्वतःचे डिकल अपलोड करणार असशील तर फाइल एसव्हीजी (रेषा-आकारांनी बनलेलं चित्र) आणि १५ केबीच्या आत हवी, म्हणून अक्षरं पाथमध्ये (नुसत्या आकारांमध्ये) बदलून जास्तीचे पॉइंट काढून टाक.

टर्न१_ला_भेटू
काका, नावाबद्दल नाही पटलं. ती अक्षरं त्या डिझाइनचा भागच होती, काढली की मधली जागा रिकामी रिकामी वाटते. निदान तेवढ्याच आकाराचं दुसरं काहीतरी टाक, स्वतःचं नाव चालेल, मॅक्लारेनने तेच केलं ना.

आणि तंबाखूचं नावच नको असेल तर १९८८ ची डेटोना २४ तास जिंकलेली एक्सजेआर-९ बघ, अमेरिकेतल्या त्या गाड्या कॅस्ट्रॉलच्या पांढऱ्या-हिरव्या-लाल रंगात होत्या. माझ्या मते तर तीच जास्त सुंदर.

पिटलेन_वेडा
डेटोनावाली माहीतच नव्हती, आत्ताच फोटो बघितले, भारी आहे! पण आधी जांभळीच करतो, रेघ तुकड्यातुकड्यात टाकून बघतो. काका, चाकाच्या कव्हरवरून रेघ नेताना कव्हर आणि बॉडीच्या फटीत ती तुटक दिसते का?

डिकल_काका
दिसते थोडी. रेघ फटीच्या दोन्ही बाजूंना किंचित आत जाऊ दे, मग नाही दिसत.