युगोस्लाव्हियातील युद्धांनंतर अंडरग्राउंड संगीत महोत्सवांनी तरुणांना खरोखर जवळ आणले का?

नीराकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी पुण्याजवळच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते आणि दरवर्षी युगोस्लाव्हियाच्या विघटनावर आठ-दहा तासिका घेते. बोस्नियातले युद्ध संपवणारा डेटन करार, युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणारे हेगचे न्यायाधिकरण, निर्वासितांचे परतणे हे सगळे शिकवून झाल्यावर यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, की करार तर नेत्यांनी केले, पण ज्यांचे वडील आणि भाऊ परस्परांविरुद्ध लढले होते ती विशीतली मुले पुन्हा एकमेकांसमोर उभी राहिली ती नेमकी कुठे?

मी सर्बियातील नोव्ही साद येथील एक्झिट महोत्सवाचे उदाहरण दिले. २००० सालच्या उन्हाळ्यात तिथल्या विद्यार्थ्यांनी डॅन्यूबच्या काठावर सुमारे शंभर दिवस संगीत, नाटके, चित्रपट आणि चर्चा चालवल्या आणि २४ सप्टेंबरच्या निवडणुकीत तेव्हाचे सत्ताधीश मिलोशेविच यांच्या विरोधात तरुणांनी मतदानाला बाहेर पडावे असा त्यामागचा हेतू होता. पुढच्या वर्षापासून हा महोत्सव पेत्रोवारादिनच्या किल्ल्यावर भरू लागला आणि शेजारच्या देशांतले तरुणही तिथे येऊ लागले. ज्या शहराचे डॅन्यूबवरचे तिन्ही पूल १९९९ च्या नाटो बाँबहल्ल्यात कोसळले होते, त्याच शहरात हे घडले.

घरी आल्यावर मात्र माझे उत्तर मलाच खटकू लागले. एक्झिटचा जन्म स्वतःच्या राजवटीविरुद्धच्या असंतोषातून झाला, शेजाऱ्यांशी देवाणघेवाण हा त्याचा पहिला हेतू नव्हता, आणि तो फार लवकर फार मोठा झाला. त्याच्या आधी आणि त्याच्या सावलीत पंक, हार्डकोर, प्रयोगशील अशा अंडरग्राउंड, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरच्या, संगीताचे छोटे महोत्सव रिकाम्या बराकींत आणि बंद कारखान्यांत होत होते, असे मी त्रोटक वाचले आहे. तिथे सीमेपलीकडून कोण येत असे, ते सीमा कशी ओलांडत, राहत कुठे, आणि गाण्याखेरीज त्यांच्यात काही बोलणे होत असे का, हे कुणी जवळून पाहिले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

वाटसरू

नीराताई, आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण या विषयावर बहुतेक वेळा मोठ्या रंगमंचाबद्दलच लिहिले जाते. मी काही वर्षे स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्ल्यानात, नोकरीनिमित्त राहिलो आणि तिथल्या मेतेल्कोवा परिसरातील कार्यक्रमांत स्वयंसेवक म्हणून काम केले. बहुधा स्वयंपाकघरात, क्वचित दारावर.

मेतेल्कोवाची जागाच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. युगोस्लाव्ह सैन्य १९९१ च्या ऑक्टोबरात स्लोव्हेनियातून निघून गेल्यावर शहराच्या मध्यभागी असलेली ही बराक रिकामी पडली, कलावंतांच्या आणि चळवळीतल्या गटांनी ती रीतसर मागितली, आणि १९९३ च्या सप्टेंबरात ती पाडायला सुरुवात झाल्यावर त्यांनी आत शिरून ती ताब्यात घेतली. ज्या सैन्याने नंतर क्रोएशियात आणि बोस्नियात काय केले हे सर्वांना माहीत आहे, त्या सैन्याच्या खोल्यांत पुढे सर्बियातल्या बेलग्रेडचे, क्रोएशियातल्या झाग्रेबचे आणि बोस्नियातल्या सारायेव्होचे बँड एकाच ड्रमसेटवर वाजवू लागले. क्रोएशियात पुला येथे मोन्तेपारादिझो नावाच्या जुन्या लष्करी किल्ल्याच्या नावाने हार्डकोर महोत्सव उभा राहिला, तर झाग्रेबमध्ये १९९७ साली सुरू झालेले अटॅक हे स्वायत्त केंद्र पुढे एका बंद औषध कारखान्याच्या आवारात स्थिरावले.

हे महोत्सव शून्यातून उगवले, असे मात्र समजू नये. ऐंशीच्या दशकात या सगळ्या शहरांतले पंक बँड एकमेकांकडे जात होते, हाताने छापलेल्या पत्रिका आणि कॅसेट टपालाने फिरत होत्या. युद्धाने टपाल थांबवले आणि सर्बिया-क्रोएशियामधील दूरध्वनीही तोडले. १९९२ साली युद्धविरोधी कार्यकर्त्यांनी झामिर नावाचे संगणकीय जाळे उभारले, ज्याच्या नावाचा अर्थच 'शांततेसाठी' असा आहे, आणि झाग्रेबमधला निरोप बेलग्रेडला पोहोचवण्यासाठी तो जर्मनीतल्या बीलेफेल्ड शहरामार्गे पाठवला जाऊ लागला. जे लोक या जाळ्यावर होते आणि जे लोक गिटार घेऊन तळघरांत होते, ते पुष्कळ ठिकाणी एकच होते किंवा एकमेकांचे मित्र होते. सर्ब फौजांच्या वेढ्यातल्या सारायेव्होतही संगीत थांबले नव्हते. वीज मिळेल तेव्हा तळघरांत कार्यक्रम होत आणि १९९५ साली वेढा चालू असतानाच तिथे स्थानिक रॉक बँडचे मोठे कार्यक्रम झाले. त्यामुळे युद्धानंतर बेलग्रेडचा बँड पहिल्यांदा झाग्रेबला आला, तेव्हा त्याला बोलावणाऱ्याकडे बहुधा आधीचा पत्ता होता.

राहण्याबद्दल आपण विचारलेत, आणि माझ्या मते सगळे मर्म तिथेच आहे. मानधन नसे, असलेच तर डिझेलपुरते. बँडने पाहुणा म्हणून कुणाच्या तरी घरी जमिनीवर झोपायचे, सकाळी त्याच घरची कॉफी प्यायची, आणि पुढच्या वर्षी त्या घरच्या माणसाला आपल्या गावी तशीच जागा द्यायची, हा अलिखित नियम होता. वारीच्या वाटेवर मुक्कामाच्या गावाने दारे उघडावीत तशी ती रीत होती, आणि ज्या घरी आपण झोपलो त्या घरच्या आईच्या भिंतीवर कुणाचा फोटो आहे हे सकाळी दिसल्याशिवाय राहत नसे.

सीमा ओलांडणे मात्र संगीताच्या हातात नव्हते. क्रोएशियाने सर्बियाच्या नागरिकांवरची व्हिसाची अट २००३ पर्यंत उठवली नव्हती. स्लोव्हेनिया २००७ च्या डिसेंबरात शेंगेन या युरोपच्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात गेल्यावर सर्बियातल्या मुलांना ल्युब्ल्यानात येण्यासाठी २००९ च्या डिसेंबरापर्यंत आणि बोस्नियातल्या मुलांना त्यानंतर आणखी एक वर्ष व्हिसा काढावा लागत होता. बोस्नियातल्या मोस्तारसारख्या शहरात तर एकाच बँडमधल्या क्रोएट मुलाकडे क्रोएशियाचे पारपत्र असे आणि तो सहज येई, पण त्याच्या शेजारी बास वाजवणाऱ्या बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातल्या मुस्लिम समाजातल्या, मुलाला रांगेत उभे राहावे लागे. आयोजकांची निम्मी मेहनत आमंत्रणपत्रे लिहिण्यात जात असे.

मध्यलय

वाटसरू यांचा प्रतिसाद अतिशय माहितीपूर्ण आहे, परंतु नीराताईंनी हे विद्यार्थ्यांसमोर मांडण्यापूर्वी एका गोष्टीचा विचार करावा, असे मला कळकळीने वाटते. सीमेपलीकडचे संगीत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त पोहोचले ते अंडरग्राउंडमधून नव्हे. सर्बियातले टर्बोफोक, म्हणजे लोकधुनींवर सिंथेसायझर आणि नृत्याचा ठेका चढवलेले, मिलोशेविचच्या काळात दूरचित्रवाणीवर अखंड वाजणारे संगीत, चोरट्या कॅसेटींतून क्रोएशियात आणि बोस्नियात गेले आणि तिथल्या नाइटक्लबांत तुडुंब गर्दीत वाजत राहिले. ज्या तरुणांनी ते ऐकले त्यांचे शेजाऱ्यांविषयीचे मत त्यामुळे बदलले, असे कुणी म्हणत नाही. गाणे सीमा ओलांडू शकते आणि द्वेष जागच्या जागी राहू शकतो.

दुसरे असे, की मोठ्या मैफली आठवणींच्या आधाराने उभ्या राहतात. १९९७ च्या सप्टेंबरात यू-टू या आयरिश बँडने सारायेव्होच्या कोशेवो मैदानावर गायन केले, त्यासाठी युद्धानंतर पहिल्यांदा विशेष रेल्वेगाड्या सुटल्या आणि जुन्या शत्रुपक्षांतले तरुण एकाच मैदानावर आले. ती रात्र खरीच होती, पण ती एकच रात्र होती. २००५ च्या जूनमध्ये बियेलो दुग्मे या जुन्या बँडने सारायेव्हो, झाग्रेब आणि बेलग्रेड अशा तिन्ही शहरांत पुनर्मीलनाच्या मैफली केल्या, तेव्हा बेलग्रेडला दोन लाखांहून अधिक माणसे जमली. त्यांतली पुष्कळशी आपले तारुण्य ऐकायला आली होती.

आणि मेतेल्कोवात जमिनीवर झोपायला जाणारा मुलगा मुळातच युद्धविरोधी होता. ज्याला पटवायचे तो तिथे कधी आलाच नाही. या मुद्द्याला उत्तर मिळाल्याशिवाय 'जवळ आणले' असे म्हणणे मला घाईचे वाटते.

कातळवाट

मी संगीत शिकवतो, म्हणून मध्यलय यांच्या शेवटच्या परिच्छेदाला धरूनच लिहितो. जे आधीच सहमत आहेत त्यांचाच मेळावा भरतो, हा आक्षेप महोत्सवांना लागू पडतो; शिकवण्याला तितका लागू पडत नाही, कारण चौदा-पंधरा वर्षांचे मूल राजकीय भूमिका घेऊन येत नाही, त्याला फक्त गिटार शिकायची असते.

सर्बियापासून वेगळ्या झालेल्या कोसोवोतील मित्रोवित्सा हे शहर इबार नदीने दुभंगलेले आहे. उत्तरेला सर्ब राहतात, दक्षिणेला अल्बेनियन, आणि मधल्या पुलावर आंतरराष्ट्रीय सैनिकांचा पहारा असतो. नेदरलँड्समधील म्युझिशियन्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेच्या पुढाकाराने २००८ साली तिथे रॉक शाळा सुरू झाली. दोन्ही तीरांवर तिच्या स्वतंत्र शाखा ठेवाव्या लागल्या, आणि मुलांना शहरात एकत्र आणणे सुरक्षित नसल्यामुळे उन्हाळी शिबिरे स्कोप्ये येथे, म्हणजे तिसऱ्याच देशात, भरवावी लागली. एकाच गावातली मुले एकमेकांना भेटण्यासाठी सीमा ओलांडून परक्या शहरात जात होती, ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा सांगतो तेव्हा माझा आवाज जड होतो. पुढे दोन्ही बाजूंच्या मुलांचे मिश्र बँड तयार झाले.

येथे एक फरक नीराताईंनी वर्गात आवर्जून सांगावा. वाटसरू ज्या शहरांबद्दल लिहितात, त्यांतल्या बहुतेकांत लोकांना एकमेकांची भाषा समजते, तिला आज नावे निरनिराळी असली तरी. मित्रोवित्सातल्या नव्या पिढीला मात्र सामाईक भाषा नाही. अल्बेनियन मुलांना सर्बियन येत नाही, सर्ब मुलांना अल्बेनियन येत नाही, म्हणून तालीमखोलीत इंग्रजी बोलली जाते. भाषा परकी असली, की कुणाच्याच तोंडी दुसऱ्याच्या वडिलांनी ऐकलेला आदेश येत नाही, असे मला वाटते. शिवाय तालमीत बोलण्यापेक्षा मोजणे जास्त असते: चार मात्रा, थांब, पुन्हा.

मोस्तारलाही अशी शाळा आहे. १९९३ च्या नोव्हेंबरात जुना पूल पाडला गेला, २००४ साली तो पुन्हा उभा राहिला, पण आजही तिथल्या कित्येक क्रोएट आणि बोस्नियाक मुलांना आपापल्या अभ्यासक्रमाच्या वेगळ्या वर्गांत बसवले जाते. २०१२ पासून पावारोत्ती संगीत केंद्रात चालणाऱ्या तिथल्या रॉक शाळेत दोन्ही तीरांवरची मुले एकाच बँडमध्ये वाजवतात. बँड बांधताना आडनावाऐवजी वाद्य पाहिले जाते, कारण ड्रमर नेहमीच कमी असतात.

नीराकाठ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. मध्यलय यांचा मुद्दा मी वर्गात तसाच ठेवणार आहे. बेलग्रेडमध्ये २०१४ पासून भरणाऱ्या, कोसोवोतल्या कलावंतांना बोलावणाऱ्या 'मिरेदिता, दोबर दान' या महोत्सवावर २०२४ साली पोलिसांनी बंदी घातली, हे मला आज वाचताना कळले, आणि सर्बियातल्या विद्यार्थी आंदोलनाला पाठिंबा दिल्यानंतर आलेल्या दबावामुळे आपल्याला देशाबाहेर जावे लागत असल्याचे एक्झिटने २०२५ साली जाहीर केले, हेही. ज्यांत कुणाचे मत बदलण्याची शक्यताच नव्हती असे हे मेळावे असते, तर सत्तेने त्यांची इतकी दखल कशाला घेतली असती, असेही मनात येते; पण हा युक्तिवाद पुरेसा नाही, हे मला मान्य आहे.

वाटसरू, एकच विचारते. गाण्याखेरीज बोलणे होत असे का, हा माझा मूळ प्रश्न राहून गेला.

वाटसरू

नीराताई, ते मी जाणूनबुजून टाळले होते, पण आता लिहितो. नावे आणि बँड सांगणार नाही.

एका महोत्सवानंतरच्या सकाळी स्वयंपाकघरात मी, बोस्नियातल्या तुझला शहराचा एक गायक आणि नोव्ही सादचा एक ड्रमर कांदे चिरत होतो. बोलता बोलता गायकाने कापिया चौकाचा उल्लेख केला. १९९५ च्या २५ मे रोजी, जो युगोस्लाव्हियात युवक दिन म्हणून साजरा होत असे, संध्याकाळी त्या चौकात जमलेल्या तरुणांवर बोस्नियातल्या सर्ब सैन्याचा तोफगोळा पडला आणि ७१ जण मारले गेले, त्यांतले बहुतेक पंचविशीच्या आतले. गायक तेव्हा शाळेत होता आणि त्या संध्याकाळी त्याला आईने घराबाहेर जाऊ दिले नव्हते, एवढेच त्याने सांगितले. ड्रमरने सुरी खाली ठेवली. तो आकडा त्याने त्याआधी कधी ऐकला नव्हता. कापिया हे नाव ऐकले होते, पण ते खोटा प्रचार म्हणून.

त्याने क्षमा मागितली नाही आणि गायकाने ती अपेक्षिली नाही. मग तो हळूहळू एकेक विचारत गेला, की तो चौक नक्की कुठे आहे, तोफ कुठल्या डोंगरावरून डागली होती, त्या मुलांना कुठे पुरले आहे. गायकाने टेबलावर सांडलेल्या पिठात बोटाने शहराचा नकाशा काढून दाखवला. मध्यलय म्हणतात तसा हा ड्रमर आधीपासून युद्धविरोधीच होता, यात शंका नाही. तरीही त्याला ते माहीत नव्हते.

पुढच्या वर्षी त्याचा बँड तुझलाला गेला. पोहोचल्यावर ध्वनियंत्रणा उतरवण्याआधी तो त्या चौकात जाऊन आला, असे गायकाने मला पत्रातून कळवले.