शब्दचर्चा : 'व्हॅम्पायर'ला मराठीत काय म्हणावं?

१९६६ च्या 'ड्रॅक्युला : प्रिन्स ऑफ डार्कनेस' या ब्रिटिश चित्रपटावर मराठीत लिहायला घेतलंय. हॅमर कंपनीच्या १९५८ च्या 'ड्रॅक्युला'ची ही पुढची कथा. दिग्दर्शक तेच, टेरेन्स फिशर. १९६० मध्ये एक चित्रपट मधे येऊन गेला, त्यात ड्रॅक्युलाच नव्हता. इथे क्रिस्टोफर ली परत आला. लेख शब्दांपाशी अडलाय. 'व्हॅम्पायर' म्हणजे वेताळ, पिशाच्च की रक्तपिपासू? 'गॉथिक' आणि 'सीक्वेल'चं काय करावं? आणि नावाचं भाषांतर 'अंधाराचा राजपुत्र' चालेल का?

प्रतिसाद

वेताळ कृपा करून नको. ही गल्लत जुनी आहे. रिचर्ड बर्टन यांनी १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या तेव्हा पुस्तकाच्या नावातच विक्रमाशेजारी 'व्हॅम्पायर' बसवला. दोघेही प्रेतात राहतात एवढंच काय ते साम्य. आमच्या सिंधुदुर्गात आरवलीचा वेतोबा गावाचा राखणदार आहे. रात्री तो गावाभोवती फिरतो, फिरून वहाणा झिजतात, म्हणून लोक नवसाला त्याला भल्यामोठ्या चपला आणि केळ्यांचा घड वाहतात. गोव्यातही बेताळाची देवळं आहेत. ज्याला आपण गाऱ्हाणं घालतो त्याचं नाव माणसाच्या गळ्याला दात लावणाऱ्या उमरावाला द्यायचं, हे मनाला पटत नाही.

शिवाय गोष्टीतला वेताळ बोलतो. तो प्रश्न विचारतो आणि राजाने मौन सोडलं की पुन्हा झाडावर जाऊन लटकतो. तुमच्या चित्रपटात तर ड्रॅक्युलाच्या तोंडी एकही शब्द नाही! ली म्हणत, संवाद इतके सुमार होते की मीच ते बोललो नाही. पटकथाकार जिमी सँगस्टर म्हणत, मी संवाद लिहिलेच नव्हते. खरं काहीही असो, पडद्यावर नुसते लाल डोळे आणि फूत्कार उरतात, आणि माझ्या मते चित्रपटाची निम्मी ताकद त्यातच आहे. बोलणाऱ्याशी निदान वाद तरी घालता येतो.

प्रतिसाद

वेताळाबद्दल सहमत. पण 'पिशाच्च'ही मला अपुरा वाटतो. मुंजा, हडळ, जखीण, समंध, खवीस ही आपली सगळी मंडळी मुळात देह सोडून गेलेली. काहीतरी वासना राहिली म्हणून घुटमळतात, झाड धरतात, माणसाला धरतात. ती इच्छा पुरवली, विधी केले, की सुटतात. व्हॅम्पायरची गोष्ट उलटी आहे. तो देहच आहे, थडग्यातून उठलेलं मढं. त्याला अतृप्त इच्छा नाही, भूक आहे. १७२५ ते १७३२ च्या दरम्यान सर्बियातून बातम्या आल्या, पुरलेली माणसं रात्री उठून गावकऱ्यांना मारतात, आणि अधिकाऱ्यांनी चौकशीसाठी खरोखर प्रेतं उकरून पाहिली. तिथला शब्द जर्मनमधून इंग्रजीत गेला. दक्षिण अमेरिकेतल्या वटवाघळाला ते नाव नंतर मिळालं, आधी नव्हे.

या चित्रपटाला पुढची कथा शक्य झाली ती या देहामुळेच. १९५८ च्या शेवटी उन्हात ड्रॅक्युलाची राख होते. पुढचा चित्रपट तोच प्रसंग दाखवून सुरू होतो. मग चार इंग्रज प्रवासी नको तिथे मुक्कामाला येतात. क्लोव्ह नावाचा नोकर त्यांच्यातल्या एकाला मारून थडग्यावर उलटा टांगतो, आणि रक्त राखेवर पडतं. इथवर जवळजवळ निम्मा चित्रपट संपलेला असतो. फिशर घाई करत नाहीत. धुकं, जिना, मांडून ठेवलेलं जेवणाचं टेबल, सगळं दाखवत बसतात, आणि आपणही बसतो. मराठी प्रेक्षकाला तर हा प्रसंग जास्तच झोंबावा. आपल्याकडे राख सावडून पाण्यात सोडली की माणूस गेला. इथे राख सावडायचीच राहिली आहे. पुढे त्याचा अंत होतो तोही पाण्यातच, किल्ल्याच्या खंदकावरचा बर्फ फोडून.

म्हणून माझी पसंती 'रक्तपिशाच्च'ला. शब्द घडवलेला आहे, पण कानाला परका नाही आणि भूक सांगतो.

प्रतिसाद

'रक्तपिपासू' वर्तमानपत्रांनी हुकूमशहांना आणि सावकारांना देऊन टाकलाय. तो विशेषण म्हणूनच ठेवावा.

'गॉथिक' तसाच राहू द्या. मुंबईकराला या शब्दाने सीएसएमटी आणि राजाबाई टॉवर आठवतात, म्हणजे टोकदार कमानी आणि दगडी कोरीवकाम. कथाप्रकाराला हे नाव मिळालं तेही अशाच वास्तूंमुळे. १७६५ साली होरेस वॉलपोल यांनी आपल्या किल्ल्याच्या कादंबरीला 'गॉथिक कथा' म्हटलं. 'भयकथा' लिहिलंत तर वास्तू हरवते, आणि तुमच्या चित्रपटात किल्ला हे एक पात्रच आहे.

प्रतिसाद

'सीक्वेल'साठी 'उत्तरकथा' सुचवते. 'उत्तररामचरित'मधलं 'उत्तर' आपल्या ओळखीचं आहे. 'उत्तरार्ध' मात्र नको, त्याने पहिला चित्रपट अर्धवट होता असा समज होतो.

एक विनंती. लेखात हेलनबद्दल जरूर लिहा. बार्बरा शेली यांनी केलेली ही बाई सुरुवातीला सगळ्यांना नकोशी वाटते, सारखी घाबरणारी, टोकणारी. किल्ल्यात राहू नये हे तिलाच कळतं आणि तिचंच कोणी ऐकत नाही. नंतर तीच रक्तपिशाच्च होते. मठातले साधू तिला टेबलावर दाबून धरतात आणि छातीत खुंटी ठोकतात, तेव्हा सुटका वाटत नाही, अंगावर काटा येतो. तिच्यासाठी मी हा चित्रपट पुन्हा पाहते. 'रक्तपिशाच्च' नपुंसकलिंगी आहे, तेवढं सांभाळा. हेलनला 'ती'च म्हणा.

प्रतिसाद

'अंधाराचा राजपुत्र' चुकेल. राजपुत्र म्हटलं की राजा कोण, हा प्रश्न येतो. इंग्रजीत हे सैतानाचं जुनं बिरुद आहे, आणि तिथे 'प्रिन्स' म्हणजे सत्ता चालवणारा. 'अंधाराचा अधिपती' म्हणा. अनुप्रासही आपोआप जुळतो.