पाच धातू मिसळले की अणू मंदावतात? कुठल्या मापाने?

भट्टीकाठ: कालच्या पोस्टमध्ये ठासून लिहिलंय, 'हाय एन्ट्रॉपी अलॉयमध्ये डिफ्यूजन मंद असतं, हे सिद्ध आहे.' (म्हणजे पाचेक धातू जवळपास समप्रमाणात मिसळलेल्या मिश्रधातूत अणू हळू सरकतात.) ही समजूत 2013 च्या तैवानमधल्या कोबाल्ट-क्रोमियम-लोह-मँगनीज-निकेलच्या कामावरून पसरली. त्यात तुलना वितळबिंदूच्या प्रमाणात, म्हणजे तापमान भागिले वितळबिंदू अशी होती. पण मँगनीज घातलं की वितळबिंदूच खाली येतो! 2018 ची म्युन्स्टर (जर्मनी)-मद्रासची ट्रेसर मापनं बघा, किरणोत्सारी अणूंचा माग काढून केलेली. वितळबिंदूने न भागता सरळ केल्विनवर मांडलं, तर पाच धातूंतला वेग मँगनीजविना चार धातूंपेक्षा सगळीकडे कमी भरत नाही.

पातंवाला: पोस्ट माझी आहे. गरम भाग वितळबिंदूच्या किती जवळ चालतोय, हेच आम्ही बघतो. मग ती तुलना चूक कशी? आणि ट्रेसर एकसारख्या रचनेतला वेग सांगतो. माझ्या पात्यावरच्या कोटिंगखाली रचना मायक्रॉनागणिक बदलते.

भट्टीकाठ: म्हणजे तुम्हाला इंटरडिफ्यूजन हवंय, रचनेच्या फरकामुळे धातू एकमेकांत मिसळतात ते. मग एकच 'वेग' कुठून आणलात? एका धातूचा उतार दुसऱ्यालाही ढकलतो, म्हणून पाच घटकांना 16 गुणांक लागतात. ते एका रचनेपाशी काढायला चार प्रोफाइल, म्हणजे रचना कशी बदलत जाते त्या रेघा, तिथेच छेदायला हव्यात, आणि चार मितींत त्या छेदतच नाहीत. म्हणून तर बेंगळुरूच्या आयआयएससीत स्यूडो-बायनरी कपल वापरतात: वेगळ्या रचनेचे दोन तुकडे चिकटवून तापवायचे. दोनच धातू बदलायचे, बाकीचे तीन सपाट राहायला हवेत.

मोलिब्डेनमची_तार: आधी कपल चिकटू तर द्या! क्रोमियमचा ऑक्साइड मध्ये आला आणि माझे दोन तुकडे भट्टीतून सुटेच निघाले. तीन आठवडे गेले. गाइड म्हणाले, 'पॉलिश नीट नसेल.' प्रबंधात अशा फसलेल्या जोड्यांचा एक शब्द नसतो, आणि पुढचा विद्यार्थी तिथेच पडतो.

पातंवाला: शेवटी कुणीतरी हे बोललं! निर्वातात मँगनीज उडून जातं, हेही मला कुणी सांगितलं नव्हतं.

रेडिओट्रेसर: क्वार्ट्झच्या नळीत आर्गॉन भरून सील करा. आणि कपलवाल्यांनो, प्रोफाइलच्या दोन्ही टोकांना उतार जवळजवळ शून्य असतो. माटानोच्या पद्धतीत त्या उताराने भागावं लागतं, मग तिथे काढलेला आकडा छापताच कसा?

मोलिब्डेनमची_तार: टोकं आम्हीही सोडतो. तुमच्यासारखा किरणोत्सारी पदार्थांचा परवाना प्रत्येकाला मिळत नाही, म्हणून आमचं काम कमी दर्जाचं ठरत नाही! कर्केंडॉलने 1947 मध्ये पितळ, तांब्याचा मुलामा आणि खुणेला मोलिब्डेनमच्या तारा एवढ्यावर दाखवलं, की जस्त तांब्यापेक्षा जोरात पळतं. मेहलसारख्या नामांकित धातुशास्त्रज्ञालाही आधी पटलं नव्हतं.

रेडिओट्रेसर: तारांचं मान्य. पण तो दोन धातूंचा खेळ होता.

भट्टीकाठ: मूळ प्रश्न राहिला बाजूला. पातंवाला, 'सिद्ध आहे' मागे घेताय का?

पातंवाला: 'वितळबिंदूच्या प्रमाणात मंद' असं करतो. त्याहून एक शब्द मागे घेणार नाही. तार, त्या क्रोमियमवाल्या जोडीवर शेवटी उपाय काय केलात?

मोलिब्डेनमची_तार: पॉलिश झाल्याझाल्या फिक्स्चरमध्ये आवळली आणि थेट भट्टीत घातली. पाचातल्या तीन चिकटल्या.