जत तालुक्यात दिव्यांग मुलांसाठी उपचार शिबिर आणि दवाखाना उभारताना सुरुवात कुठून करावी?

जतकर (प्रश्न)

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील जत शहराजवळ आमच्या लहानशा विश्वस्त संस्थेला रस्त्यालगतची दोन एकर जमीन दान मिळाली आहे. तालुक्यातील सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे), स्वमग्नता (ऑटिझम) आणि बहुविकलांगता असलेल्या मुलांना आज फिजिओथेरपीसाठी सांगली-मिरजेला जावे लागते. एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो आणि सोबत जाणाऱ्या पालकाचा रोजगारही बुडतो, त्यामुळे बहुतेक घरांतून दोन-तीन खेपांनंतर उपचार सुटतात. वर्षातून काही वेळा निवासी उपचार शिबिर आणि एरवी कायमस्वरूपी दवाखाना, अशी आमची कल्पना आहे. वास्तुविशारदाने तीस खाटांची इमारत, मोठे सभागृह आणि जलोपचारासाठी तलाव असा आराखडा दिला असून देणगीदारांना तलावाची कल्पना विशेष आवडली आहे. हा आराखडा योग्य आहे का, शिबिरात नेमके काय करावे आणि कोणत्या परवानग्या लागतील, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कोल्हापूर

आपला हेतू मनापासून आवडला, म्हणून स्पष्टच लिहितो. तलाव आराखड्यातून काढून टाकावा. उपचाराचा तलाव म्हणजे कोमट राखलेले, रोज तपासलेले पाणी, मुलाला सुरक्षितपणे आत उतरवण्याची सोय आणि प्रत्येक मुलामागे पाण्यात उतरलेला एक प्रशिक्षित माणूस. जतसारख्या टँकरच्या तालुक्यात तो चालवण्याचा खर्च दोन थेरपिस्टांचे पगार खाऊन टाकेल, आणि आपल्याला कमतरता आहे ती थेरपिस्टांचीच.

शिबिराबाबत पहिला निर्णय असा घ्यावा लागेल की, कोणती मुले कशासाठी बोलवायची. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सर्व मुलांना एकाच वेळी एकत्र आणले, तर कुणाचेच नीट होत नाही. ज्या मुलाची एकच बाजू लुळी आहे त्याला दोन-तीन आठवड्यांच्या शिबिराचा खरोखर फायदा होतो. चांगल्या हातावर मोजा चढवून दुबळ्या हाताने रोज काही तास खेळणे, जेवणे, बटणे लावणे असा भरपूर सराव करून घेण्याची पद्धत अभ्यासांतून सिद्ध झालेली आहे, आणि बरोबरीची मुले सोबत असली की हा कंटाळवाणा सराव खेळ होऊन जातो. याउलट ज्या मुलाला मानही धरता येत नाही, त्याला तेवढ्या काळात चालवण्याचे स्वप्न पालकांना दाखवणे हा अन्याय आहे. त्याच्या शिबिराचा विषय बसणे, गिळणे, झोप आणि वेदना हा असावा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या चार मुलांपैकी सुमारे तिघांना वेदना असतात. बोलता न येणारे मूल आपली वेदना रडण्यातून सांगते आणि घरात त्याला हट्टी ठरवले जाते. सुमारे एक तृतीयांश मुलांचा खुब्याचा सांधा हळूहळू निखळत जातो, म्हणून न चालणाऱ्या मुलांच्या खुब्यांचा एक्स-रे ठरावीक काळाने काढण्याची व्यवस्था मिरजेच्या एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलून आधीच करून ठेवावी.

भरवण्याचेच उदाहरण घ्या. आई मुलाला मांडीवर आडवे घेते, मान मागे टाकते आणि वरून पेज ओतते, कारण तसे केले तरच ती आत जाते. त्यातली थोडी श्वासनलिकेत उतरते आणि मुलाला वारंवार न्यूमोनिया होतो. मुलाला सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, चमचा समोरून ओठांच्या पातळीवर आणायचा, एवढा बदल आई रोज तीन वेळा आमच्या देखरेखीखाली करते तेव्हाच तो घरी टिकतो. बसण्यासाठी पाठीला आणि दोन्ही बाजूंना आधार देणारी कोपऱ्याची खुर्ची लागते. जुन्या खोक्यांचे पुठ्ठे आणि वर्तमानपत्रे मैद्याच्या खळीने थरावर थर चिकटवून, कडक उन्हात वाळवून ती मुलाच्या मापाने बनवता येते. पालकांनी ती शिबिरातच स्वतः बनवावी आणि घरी न्यावी.

निवासी शिबिरात फिटचे झटके येणारी मुले असणारच. झटका थांबवण्यासाठी बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेला मिडाझोलमचा नाकातील फवारा, ऑक्सिजन, घशातील लाळ-कफ ओढून काढणारे सक्शन यंत्र आणि रात्री जागेवर असणारी परिचारिका यांची व्यवस्था झाल्याशिवाय एकही मूल मुक्कामी ठेवू नये.

एका मुलीची आई, पंढरपूर

माझी मुलगी आता मोठी आहे. ती लहान असताना आम्ही बरीच शिबिरे पाहिली. वर डॉक्टरसाहेबांनी जे लिहिले आहे त्याला पालकांच्या बाजूने जोड देते.

जतहून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि गुढीपाडव्यापर्यंत परत येत नाहीत, त्यामुळे हिवाळ्यातील शिबिराला ज्यांना सर्वाधिक गरज आहे तीच मुले नसतील. शिबिरे जून ते सप्टेंबरमध्ये ठेवावीत आणि जाताना प्रत्येक आईजवळ फडावरच्या खोपीत करता येईल एवढाच, चित्रांचा कार्यक्रम द्यावा. लहान भावंडांना सोबत आणण्याची मुभा असू द्या, नाहीतर आई येणार नाही. बुडालेल्या मजुरीचा काही भाग संस्थेने दिला, तर तो खर्च वाया गेला असे कृपया समजू नये.

इमारतीत सर्वाधिक विचार शौचालयाचा करावा. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे कपडे बदलायला तिला जमिनीवर निजवावे लागते, ही अवस्था फार लाजिरवाणी असते. कमरेच्या उंचीचा रुंद बाक, गरम पाणी, आडोसा आणि व्हीलचेअर पूर्ण वळेल अशी जागा एवढे असले, तर आया तुमच्या दवाखान्यात पुन्हा पुन्हा येतील. आणखी एक विनंती आहे. तालुक्याच्या पूर्व भागातील बऱ्याच घरांत कन्नड बोलतात, म्हणून तुमचा वाचा-उपचार मुलाच्या घरच्या बोलीतच व्हायला हवा.

निवृत्त समाजकल्याण कर्मचारी

परवानग्यांबाबत थोडक्यात सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. त्याची चौकशी पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात करावी. रुग्ण मुक्कामी ठेवून उपचार करणार असाल, तर शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणी आणि जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्थाही लागेल. विशेष शिक्षक आणि वाचा-उपचारतज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे, तर फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट राज्य परिषदेकडे नोंदलेले असावेत. प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करावी आणि कोणताही प्रौढ मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही, असा लेखी नियम ठेवावा. इमारतीत व्हीलचेअरसाठीच्या उतरणीचे (रॅम्पचे) प्रमाण 1:12 पेक्षा तीव्र नको.

मुले शोधण्यासाठी नवे सर्वेक्षण करण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळा तपासतात. ती पथके, आशा कार्यकर्त्या आणि सरकारच्या समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक यांना पहिल्याच बैठकीला बोलवावे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण असून त्यात नियमित थेरपीचाही अंतर्भाव आहे. ते अर्ज पहिल्या शिबिरातच भरून घ्यावेत.

जतकर

सर्वांचा ऋणी आहे. विश्वस्तांच्या बैठकीत तलाव वगळावा आणि यंदा बांधकाम न करता भाड्याच्या मंगल कार्यालयात केवळ दिवसाचे शिबिर घ्यावे, असा प्रस्ताव मी मांडणार आहे. त्यातून वाचणाऱ्या रकमेत आधी इमारतीचा पाया घ्यावा की माणसे नेमावीत, हा प्रश्न तेथे नक्की निघेल.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कोल्हापूर

माणसे नेमावीत. एक थेरपिस्ट आणि गावातीलच दोन प्रशिक्षित तरुणी, शक्यतो त्यांपैकी एक कन्नड बोलणारी, शिबिरानंतर दर पंधरवड्याला घरोघरी जाऊ लागल्या की कोणती मुले दवाखान्यापर्यंत येऊच शकत नाहीत हे वर्षभरात कळेल, आणि किती खोल्या बांधायच्या याचे उत्तर देणगीदारांपुढे आकड्यांनिशी ठेवता येईल. मंगल कार्यालय ठरवताना तळमजल्यावरचे पाहा, आणि शौचालयाचे दार मोजूनच आगाऊ रक्कम द्या.