कॉन्स्टेबलची गवताची गाडी: खरं खेडं की गिरणीमालकाच्या मुलाचं?

रानफूल
इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ (म्हणजे गवताची गाडी, १८२१) हे चित्र बहुतेकांनी कुठल्यातरी कॅलेंडरवर पाहिलं असेल. इंग्लंडमधल्या सफोकची स्टूर नदी, डावीकडे विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं घर, मधोमध पाण्यात रिकामी गाडी आणि तिला जुंपलेले तीन काळपट घोडे. सगळे याला वास्तववादी म्हणतात. मला नाही पटत. १८१६ मध्ये पूर्व इंग्लंडात मजूर भाकरीसाठी दंगली करत होते, १८२२ मध्ये सफोकात मळणीयंत्रं फोडली गेली. आणि मधल्या काळातलं हे चित्र बघा, कुणाला घाम म्हणून नाही! चित्रकाराचे वडील तिथल्याच गिरणीचे मालक. मालकाच्या ओसरीवरून शेत असंच दिसतं.

चाकोरी
असहमत. माझे आजोबा सुतार होते. चैत्र-वैशाखात लाकूड वाळून आकसलं की चाकाची लोखंडी धाव सैल होते, एखाद्या खड्ड्यात निसटूनही पडते. मग लोक गाडी ओढ्यात नेऊन उभी करायचे. लाकूड फुगलं की धाव परत घट्ट. कॉन्स्टेबलची गाडी पाण्यात का, याचं एक स्पष्टीकरण नेमकं हेच देतात. दुसरं म्हणजे भर दुपारी घोड्यांचे पाय गार करायचे. (चित्राचं मूळ नाव ‘निसर्गदृश्य: दुपार’ असं होतं.) ज्याने गाडी वापरलीय त्याला यात आराम नाही, काम दिसतं.

खडूस
किंवा नदीच्या उथळ उतारातून पलीकडच्या कुरणात निघाली असेल, एवढं साधं. तिकडे गवत कापणारे दिसतात की. दिसतात म्हणजे, ठिपक्याएवढे.
बाकी ‘ज्याने गाडी वापरलीय’ वगैरे राहू द्या. कॉन्स्टेबलने हे चित्र लंडनच्या स्टुडिओत, ऐन हिवाळ्यात रंगवलं. गाडीचे बारकावे आठवेनात, तेव्हा गावाकडच्या जुन्या मित्राच्या मुलाकडून तिचं रेखाटन मागवून घेतलं!

चाकोरी
अहो, हा तर माझ्याच बाजूचा मुद्दा झाला. स्वप्नच रंगवायचं तर कसलीही गाडी चालली असती. याला सफोकातलीच हवी होती, म्हणून टपाल खर्ची घातलं.

रानफूल
गाडी खरी, चाक खरं, मान्य. माझी तक्रार माणसांबद्दल आहे. याच मापाचा एक तैलरंगातला कच्चा आराखडा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात काठावर कुत्र्याजवळ एक घोडेस्वार आहे. पक्क्या चित्रात कुत्रा राहिला, स्वार गेला. म्हणजे काय ठेवायचं नि काय पुसायचं ते चित्रकारच ठरवत होता. मग राबणारेच तेवढे ठिपके का?
आणि घोड्यांच्या गळ्यातलं ते लाल? पोळ्याचा सजवलेला बैल दाखवून ‘आमच्याकडे बैल असे राबतात’ म्हणण्यातला प्रकार.

खडूस
लाल मला तरी हिरव्यात उठून दिसावं म्हणून घातलेलं वाटतं. ते झाका बोटाने, मोबाइलवर सुद्धा जमतं. घोडे झाडीत विरघळतात.

चाकोरी
झाकून पाहिलं. घोडे गेले खरे. चाक मात्र अजून दिसतंय.